शेजारच्या प्लॉटवर दुकाने आणि अठरा मजले : हरकत कोठे घ्यावी?

प्रश्न : पुण्यात आमच्या बत्तीस सदनिकांच्या सोसायटीला लागून सुमारे सव्वा एकराचा मोकळा प्लॉट आहे. तेथे खालच्या दोन मजल्यांवर दुकाने व कार्यालये आणि वर सोळा निवासी मजले अशी इमारत प्रस्तावित असल्याचे समजले. समोरच्या रस्त्यावर आताच शाळेच्या बसला वळण घेताना दोनदा मागे यावे लागते. आम्ही महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला सह्यांचे निवेदन दिले, तेव्हा ‘प्रकरण नियमात बसत असेल तर शेजाऱ्यांची हरकत विचारात घेता येत नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. हे खरे आहे का? आमचे नगरसेवक हा विषय मुख्य सभेत आणून थांबवू शकतील का?

उत्तर : तुम्हाला मिळालेले उत्तर रुक्ष असले तरी बरेचसे खरे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यामध्ये जनतेचे म्हणणे ऐकण्याची जागा ठरवून दिलेली आहे आणि ती बांधकाम परवानगीच्या टेबलावर नाही. प्रारूप विकास आराखडा, म्हणजे शहरातील जमिनींच्या वापराच्या नियोजनाचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ अन्वये हरकती व सूचना मागवल्या जातात आणि कलम २८ अन्वये नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. मंजूर आराखड्यात एखाद्या जमिनीपुरता किरकोळ फेरबदल करायचा झाल्यास कलम ३७ अन्वये राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या मुदतीत कोणाही व्यक्तीकडून हरकती स्वीकाराव्या लागतात. नगरसेवकांचा आणि मुख्य सभेचा संबंध येतो तो अशा प्रस्तावांपुरता. त्यानंतरची परवानगी, म्हणजे कलम ४४ खालील अर्ज आणि कलम ४५ खालील निर्णय, हे प्रशासनाचे काम असून त्यावर मतदान होत नाही. कलम ४७ मधील अपिलाचा हक्कसुद्धा अर्जदाराला दिलेला आहे, शेजाऱ्याला नाही. ही रचना मला स्वतःला एकतर्फी वाटते, कारण आराखड्याच्या सूचना प्रसिद्ध होतात तेव्हा आपल्या भिंतीपलीकडे काय उभे राहणार आहे याची कल्पना फारच थोड्यांना असते.

‘निवासी विभागात दुकाने कशी?’ हा मुद्दा निवेदनात असल्यास तो वगळावा. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत निवासी विभागात रस्त्याच्या रुंदीनुसार दुकाने व कार्यालये चालतात. आमचा उजेड जाईल, डोंगर दिसणार नाही, अशा तक्रारींचाही उपयोग होत नाही. सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती हद्दीपर्यंत सोडायची मोकळी जागा, सोडले आहे की नाही, एवढेच तेथे पाहिले जाते.

म्हणून विरोध नोंदवण्यापेक्षा नकाशा वाचा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर प्रस्तावाच्या नकाशाची, झोन दाखल्याची (जमीन आराखड्यातील कोणत्या विभागात येते याचा दाखला) आणि मोजणी नकाशाची प्रत मागता येते; तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास प्रथम अपील करावे. प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी झाल्यानंतर मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र त्यांच्या संकेतस्थळावरही पाहता येते, परंतु तोपर्यंत परवानगी मिळालेली असते.

नकाशा हाती आला की सर्वप्रथम रस्त्याची रुंदी पाहावी, कारण अधिमूल्य भरून मिळणारा एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम क्षेत्र) आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून हस्तांतरित होणारा बांधकाम हक्क) किती वापरता येईल हे तिच्यावर ठरते. नकाशात ‘१२ मीटर रस्ता’ असे लिहिलेले असेल, तर तो आज जागेवर आहे, विकास आराखड्यात प्रस्तावित आहे, की महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खालील रस्तारेषेमुळे (महापालिकेने आखून दिलेल्या रस्त्याच्या हद्दीमुळे) कागदावर रुंद झाला आहे, हे स्पष्टपणे विचारावे. २०२० मध्ये पुण्यातील सहा मीटरचे अनेक रस्ते नऊ मीटर करण्याच्या प्रस्तावावरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशी टीडीआरचे हेच गणित होते. दोन सभासदांनी टेप घेऊन, तुमच्या कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत, तीन ठिकाणी रस्ता मोजावा आणि तारखेसह छायाचित्रे ठेवावीत.

प्लॉट ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठा असल्याने दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती सलग आहे, की वाहनतळाच्या कडेच्या पट्ट्या जोडून दाखवली आहे, तेही पाहावे. सामाईक हद्द आणि ओढा किंवा नाला मोजणी नकाशाशी ताडून पाहावा.

झाडांच्या बाबतीत मात्र कायद्याने तुम्हाला बोलण्याची संधी दिलेली आहे. वृक्षतोडीची परवानगी देण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात सूचना देऊन ती झाडावरही लावणे आवश्यक असते. बुंध्याला सुतळीने बांधलेला तो कागद दोन पावसांत भिजून जातो आणि हरकतीची मुदतही थोडीच असते, त्यामुळे तो दिसताच त्याचे छायाचित्र काढून हरकत लेखी द्यावी.

सर्व मजले, तळघर आणि वाहनतळ धरून बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक होत असेल, तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. सव्वा एकरावरील अठरा मजल्यांचे क्षेत्र या मर्यादेच्या आसपास जाऊ शकते. मात्र इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट असल्याने त्या सुनावणीची वाट पाहत बसू नये.

यांपैकी एखादी विसंगती सापडली, तर दुसरे निवेदन एका पानाचे करावे आणि त्यात भावना न मांडता ‘नकाशात अमुक, जागेवर तमुक’ असे लिहावे. अर्जदाराने महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ अन्वये आयुक्तांना दिलेली परवानगी रद्द करता येते. त्या कलमाचा निवेदनात नावानिशी उल्लेख करून आवक क्रमांक घ्यावा. दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा मार्ग उरतो. तेथे विलंब अंगाशी येतो आणि स्लॅबमागून स्लॅब पडत गेले की स्थगिती मिळणे अवघड होत जाते.

प्रश्न : अर्ज केल्यावर साठ दिवसांत उत्तर आले नाही तर इमारत आपोआप मंजूर होते, असे आमच्याकडे सांगितले जाते. ते बरोबर आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : अर्धवट बरोबर आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये अशा मानीव परवानगीची तरतूद आहे. पण प्राधिकरणाने त्रुटी काढल्या असल्यास साठ दिवस त्रुटीपूर्ततेच्या उत्तरापासून मोजले जातात आणि प्रस्ताव विकास नियंत्रण नियमावलीत तंतोतंत बसत असेल तरच ती मानली जाते. नियमबाह्य मजला साठ दिवसांनी नियमित होत नाही. तो अनधिकृत बांधकाम ठरून त्यावर कारवाई होऊ शकते.