ऑडिओग्राम नॉर्मल आहे, तरी गर्दीत बोललेलं का कळत नाही?

तुम्ही लिहिलंय की बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर बरीच वर्षं काम केलं, ऑडिओग्राम नॉर्मल आला, पण लग्नाच्या पंगतीत कोण काय बोलतंय ते कळत नाही आणि घरचे म्हणतात तुमचं लक्षच नसतं. हा भ्रम आहे का, असं विचारलंय.

भ्रम अजिबात नाही. आमच्याही घरात माग होते आणि वडिलांचं हेच झालं होतं.

ऑडिओग्राम काढताना शांत खोलीत हेडफोन लावून बारीक 'पीं' आवाज सोडतात, साधारण 250 ते 8000 हर्ट्झचे. ऐकू आला की बटण दाबायचं. गोंगाटातून शब्द वेगळा काढणं हे निराळंच काम, ते तिथे तपासलं जात नाही. वाढपी 'भात?' विचारायचा आणि वडिलांपर्यंत नुसतं 'आ…त' पोचायचं. मग ते भांड्यात डोकावून मान हलवायचे.

2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण कानातल्या पेशी आणि नस यांच्यातले बरेच जोड गेलेले असतात. जिवंत माणसात हे जोड थेट मोजता येत नाहीत, त्यामुळे तुमचंही तेच असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. नसेचा किंवा मेंदूत आवाज उलगडण्याचा दोषही असू शकतो.

म्हणून ऑडिओलॉजिस्टला स्पष्ट सांगा: गोंगाटात शब्द ओळखायची चाचणी करा, सोबत ओएई (आतल्या कानातल्या पेशी आवाजाला प्रतिसाद देतात का, ते बघणारी) आणि बेरा (आवाज नसेतून मेंदूकडे नीट जातो का, ते बघणारी). ओएई चांगली आणि बेरा बिघडलेली आली, तर नसेकडे बघावं लागतं.

आणि शब्द मराठीतूनच मागा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण घरात मराठी, बाहेर कन्नड बोलतो. पण मागाहून शिकलेल्या भाषेतले शब्द गोंगाटात धडधाकट कानालाही कमी कळतात. कन्नड यादीवर गुण कमी पडले तर दोष कानाचा की भाषेचा, कसं ठरवणार? बेळगावात सोय झाली नाही तर म्हैसूरच्या सरकारी वाक्-श्रवण संस्थेत, म्हणजे आयिशमध्ये, चौकशी करा.

तोवर मागावर जाताना नीट बसणारे इअरप्लग घाला, कापसाचा बोळा पुरत नाही. घरच्यांनाही सांगा, आधी नावाने हाक मारायची, मग तोंड दिसेल असं समोर येऊन बोलायचं.