नोंदी आपोआप येतात, मग तपासणी कशाला?

प्रश्न : समुद्रातील बोये आणि किनाऱ्यावरील भरतीमापक यंत्रे आता उपग्रहामार्फत परस्पर नोंदी पाठवतात. त्या थेट हवामानाच्या मॉडेलमध्ये का घालत नाहीत?

उत्तर : बहुतेक नोंदी काही मिनिटांत, माणसाचा हात न लागता मॉडेलपर्यंत पोहोचतात; मात्र वाटेत संगणकीय चाळणी लागते आणि ती अत्यावश्यक आहे. खाऱ्या पाण्यात संवेदकांवर शेवाळ व शिंपले चढतात, वारामापक अडकतो आणि तोच आकडा तासन्‌तास येत राहतो. अशा चुका यंत्राला सहज ओळखता येतात.

घड्याळाची चूक अधिक फसवी असते. वादळाने पाणी किती चढले हे काढताना मोजलेल्या पातळीतून भरतीची गणिताने काढलेली पातळी वजा करतात. भरती तासाला एक मीटर या वेगाने चढत असताना यंत्राचे घड्याळ १० मिनिटे मागे असेल, तर प्रत्यक्षात नसलेली सुमारे १७ सेंटिमीटरची वाढ हिशेबात येते, आणि एकेकटा आकडा पाहिला तर त्यात काहीच वावगे दिसत नाही. म्हणून शेजारच्या केंद्रांशी आणि आधीच्या नोंदींशी ताळा घ्यावाच लागतो.

याउलट, चाळणी फार कडक ठेवली तर खरी नोंदच गळून पडते, आणि माझ्या मते हा धोका मोठा आहे. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रात उभारलेल्या ड्रॉपनर या नॉर्वेजियन मंचावरील लेसर यंत्राने २५.६ मीटर उंचीची लाट नोंदवली, तेव्हा तेथील लाटांची लक्षणीय उंची, म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी, सुमारे १२ मीटर होती. दुपटीहून उंच असा एकच आकडा एखाद्या आंधळ्या नियमाने बिघाड म्हणून सहज पुसला असता. प्रत्यक्षात ती राक्षसी लाटेची यंत्राने टिपलेली अत्यंत महत्त्वाची नोंद ठरली.

त्यामुळे संशयास्पद आकडा खोडू नये, त्यावर खूण करावी आणि मूळ नोंद जपावी. २,००० मीटर खोलीपर्यंत बुडी मारून साधारण दर १० दिवसांनी वर येणाऱ्या आर्गो तरंगकांच्या (समुद्राचे तापमान व क्षारता मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रांच्या) बाबतीत हीच पद्धत आहे : आधी स्वयंचलित तपासणी होऊन नोंदी साधारणपणे २४ तासांत खुल्या होतात, आणि पुढे तज्ज्ञ त्या सावकाश पुन्हा तपासतात. माणूस लागतो तो या दुसऱ्या टप्प्यासाठी, आणि अर्थातच बोटीने जाऊन बोया घासूनपुसून संवेदक बदलण्यासाठी.