स्टार्टचा कोपरा कुठे गेला?

वाचकांच्या संगणक-शंका, उत्तरं जुन्या क्लासवाल्याची

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका. इथल्या घाटांवर, जुन्या वाड्यांवर लेख लिहिते, सगळं संगणकावरच. गेल्या महिन्यात दुकानातल्या मुलानं विंडोज १० ची ११ करून दिली. ‘काकू, काही बदलत नाही, दिसायला जरा छान होतं एवढंच,’ म्हणाला. आता स्टार्टचं बटण मधे जाऊन बसलंय. सवयीनं डाव्या कोपऱ्यात जावं, तर हवामान आणि नटनट्यांच्या बातम्या उघडतात. फाइलवर राइट क्लिक करावं, तर कॉपी नाही की रिनेम नाही. तीन लेख एकदम उघडले, तर खाली वर्डचं एकच चित्र. नातू फोनवर म्हणतो, ‘सवय होईल गं आजी.’ परवा एका फाइलचं नाव बदलायला मला दहा मिनिटं लागली, रडूच यायचं बाकी होतं. खरं सांगा, माझी स्मरणशक्ती जातेय का?
– एक वाचक, वाई

उत्तर : बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. उलट तुमची स्मरणशक्ती चोख आहे, आणि तीच आडवी येतेय.

मी मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा दिली ती मशीनवर, रेमिंग्टन पद्धतीनं. ‘क’ची कळ कुठे आहे असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, बोट मात्र बरोबर जायचं. पुढे संगणकावर इनस्क्रिप्ट, म्हणजे कळांची वेगळी मांडणी, शिकायला बसलो. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. रचना अगदी तर्काला धरून. मला पहिल्याच दिवशी पटली. बोटांना पटायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत क्लासातली पोरं माझ्याकडे बघून हसायची, आणि पोरांना शिकवणारा मीच होतो. तुमचं तेच झालंय.

डावा खालचा कोपरा ही साधीसुधी जागा नव्हे. १९९५ साली विंडोज ९५ आली, तेव्हापासून स्टार्ट तिथे आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ नं ते बटणच काढून टाकलं होतं, पण वर्षभरातच, ८.१ मध्ये, परत आणावं लागलं. नंतर ते जागेवर राहिलं, ते २०२१ मध्ये ११ येईपर्यंत. शिवाय कोपऱ्याचा एक गुण असतो. माऊस डोळे मिटून तिकडे ढकला, बाण कडेला जाऊन आपोआप थांबतो; नेम धरावा लागत नाही. मधल्या जागेला ही भिंत नाही. आणि खरी गोम पुढेच आहे. पडद्याच्या तळाच्या पट्टीवरची, म्हणजे टास्कबारवरची, चित्रांची रांग कायम मधोमध राहते, म्हणून जसजसे जास्त प्रोग्राम उघडाल तसतसं स्टार्ट डावीकडे सरकत जातं. सकाळी एका जागी, दुपारी चार बोटं अलीकडे. अशा जागेची सवय हाताला व्हावी तरी कशी? तेव्हा नातवाला सांगा, याची सवय होणार नाही, हे बदलायचं.

टास्कबारवर रिकाम्या जागी राइट क्लिक करा आणि टास्कबार सेटिंग्ज उघडा. त्यात विजेट्स असं लिहिलेलं असेल, ते बंद करा, नटनट्या गेल्या. मग अगदी खाली टास्कबार बिहेवियर्सवर क्लिक करा. टास्कबार अलाइनमेंटपुढे सेंटर असेल, तिथे लेफ्ट करा. त्याच पानावर ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ अशी ओळ आहे, तिथे नेव्हर निवडा. आता तीन लेखांच्या तीन पट्ट्या, नावांसकट, पूर्वीसारख्या दिसतील. (ही शेवटची सोय ११ मध्ये सुरुवातीला नव्हतीच, २०२३ च्या अपडेटनं परत आली. तुमच्याकडे ती ओळ दिसत नसेल, तर विंडोज अपडेट करायचं राहिलंय असं समजा.) हे सगळं चहा निवायच्या आत होतं.

राइट क्लिकचं मात्र मी वेगळं सांगेन. तिथे कॉपी आहे, रिनेमही आहे, फक्त शब्दांऐवजी चित्रं झालीत. मेनूच्या कडेला कात्री, दोन कागद, कचऱ्याची टोपली अशी छोट्या चित्रांची आडवी रांग दिसेल, ती बघा. कात्री म्हणजे कट, दोन कागद म्हणजे कॉपी. नव्या अपडेटमध्ये चित्रांखाली नावंही आली आहेत. बाणासमोर एवढी मोठी यादी उघडल्यावर नजर शब्द शोधते आणि चित्रांवरून घसरून जाते. मीही आठवडाभर घसरलो. ही रांग मेनूबरोबर कधी वर, कधी खाली असते, पण बाणाच्या जवळच्या बाजूला असते हे एकदा कळलं की हात जातो. जुना लांबलचक मेनू हवाच असेल, तर शिफ्टची कळ दाबून धरून राइट क्लिक करा, किंवा तळाच्या ‘शो मोअर ऑप्शन्स’वर जा. जुना मेनू कायमचा आणायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, हात घालायची युक्ती सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. मी ती सांगणार नाही. एका मेनूपायी तिथे चुकीची ओळ पुसली गेली, तर तुमचे वाडे आणि घाट दोन्ही अडकतील.

आणि फाइलचं नाव बदलायला एफ टू. फाइलवर एकदा क्लिक करा, एफ टू दाबा, नवं नाव लिहा, एंटर. विंडोज ९५ मध्येही हेच होतं, आजही हेच आहे. (लॅपटॉपवर कधी एफएनची कळ सोबत दाबावी लागते.) कळफलकावरच्या गोष्टी फारशा हलत नाहीत, म्हणून बाई, वहीच्या शेवटच्या पानावर एवढ्याच लिहून ठेवा : विंडोजची कळ दाबली की स्टार्ट, ते पडद्यावर कुठेही असो, विंडोज आणि डी म्हणजे सगळं बाजूला सारून डेस्कटॉप, विंडोज आणि ई म्हणजे फाइलींचं कपाट, विंडोज आणि स्पेसबार म्हणजे मराठी-इंग्रजी अदलाबदल. पाचवी लिहू नका. चार जमल्या की मला कळवा.

प्रश्न : मी विमा एजंट आहे. अपग्रेडनंतर डेस्कटॉपवरच्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आलं, आणि मग ‘जागा संपली’ अशी सूचना. ढगातल्या जादा कॉपी आहेत असं समजून मी त्या उडवू लागलो, तर डेस्कटॉपवरूनही चाळीसेक फाइली गेल्या!
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी हात थांबवा, काही नवीन उडवू नका. संगणकावरचं रिसायकल बिन बघा. तिथे नसतील, तर ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या (तो ढग म्हणजे हेच, मायक्रोसॉफ्टचं इंटरनेटवरचं फाइलींचं कोठार) साइटवर आपल्या खात्यानं शिरा. डावीकडे तिथलंही रिसायकल बिन आहे. घरगुती खात्यात उडवलेल्या फाइली तिथे ३० दिवस राहतात. रिस्टोअर करा.

झालं काय, तर संगणक मांडताना विचारलेल्या कुठल्याशा प्रश्नाला ‘हो’ म्हटलं गेलं आणि तुमचं डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हच्या पोटात गेलं. दिसायला सगळं जागच्या जागी, पण पत्ता बदललेला. तुम्ही ज्याला जादा कॉपी म्हणता ती जादा नाही. फाइल एकच, ती दोन खिडक्यांतून दिसतेय. एका खिडकीतून फेकली की दुसरीतूनही गेली. आणि फुकट जागा आहे ५ जीबी. पॉलिसींचे स्कॅन, ग्राहकांचे फोटो, त्यात मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ डेस्कटॉपवरच ठेवलेला असेल, तर ती भरणारच.

हे नको असेल तर आधी सगळं एका पेन ड्राइव्हवर उतरवा, मगच पुढचं वाचा. घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करा, दातेरी चाकातून सेटिंग्ज, तिथे सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप, आणि डेस्कटॉपसमोरचं बटण बंद. यानंतर कधी कधी डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि छातीत धस्स होतं. फाइली गेलेल्या नसतात. फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्ह उघडा, आत डेस्कटॉप नावाचं फोल्डर आहे, त्यातून उचलून आपल्या डेस्कटॉपवर आणा. तरीही पॉलिसीसारखे कागद एकाच संगणकावर ठेवू नका म्हणतो मी. ढग नको तर नको, पण महिन्याकाठी पेन ड्राइव्ह.

प्रश्न : वर्डपॅड कुठे गेलं? माझ्या भजनांच्या सगळ्या फाइली त्यात आहेत.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : काढून टाकलं, ११ च्या २०२४ सालच्या मोठ्या अपडेटपासून ते मिळत नाही. भजनं सुरक्षित आहेत. वर्डपॅडच्या त्या आरटीएफ प्रकारच्या फाइली वर्डमध्ये उघडतात. वर्ड विकत घ्यायचं नसेल तर लिब्रेऑफिस रायटर फुकट आहे, त्यातही उघडतात. नोटपॅडमध्ये उघडू नका, अभंगाऐवजी कंसांचा आणि आकड्यांचा पसारा दिसेल.

प्रश्न : मला हे ११ आवडलंच नाही. परत १० वर जाता येईल?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : अपग्रेड करून किती दिवस झाले ते लिहायला हवं होतं. १० दिवसांच्या आत असाल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक. फाइली राहतात, मधल्या काळात घातलेले प्रोग्राम जातात. १० दिवसांनंतर जुनी विंडोज आपोआप पुसली जाते, मग सगळं कोरं करून नव्यानं घालणं एवढाच रस्ता. त्यातून विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून मिळणारी सुरक्षेची वाढीव मुदत आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करत असाल तर मी परत जाणार नाही. वाईच्या बाईंना सांगितलेल्या तीन गोष्टी आधी करून बघा आणि मग लिहा. या वेळी तारखेसकट.