उबुंटूच्या 'फाइल्स' ॲपमध्ये राइट-क्लिक केल्यावर फक्त 'नवीन फोल्डर' दिसतं, रिकामी टेक्स्ट फाइल कशी बनवायची?

पर्याय आहे, फक्त लपलेला. होम फोल्डरमध्ये 'टेम्प्लेट्स' नावाचं फोल्डर असतं, बहुतेक जण ते कधी उघडतही नाहीत. त्यात एकही फाइल नसेल तर 'नवीन डॉक्युमेंट' हा मेनू दिसतच नाही. (ग्नोम २ या जुन्या डेस्कटॉपच्या काळात रिकामी फाइल मेनूतच मिळायची. ती का काढली, हे मला अजून पटलेलं नाही.)

टेक्स्ट एडिटर उघडा, काहीही न लिहिता फाइल 'कोरी फाइल' अशा नावाने त्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. झालं. आता कुठल्याही फोल्डरच्या मोकळ्या जागी राइट-क्लिक केलंत की मेनू येईल आणि त्या फाइलची प्रत तिथे तयार होईल.

फाइल कोरीच हवी असंही नाही. मी लिबरऑफिसमध्ये मराठी फॉन्ट आणि समास लावून अर्जाचा एक नमुना तिथे ठेवलाय, रोजचा वेळ वाचतो. नमुने वाढले तर आत उपफोल्डर करा, त्यांचे उपमेनू होतात.

'टेम्प्लेट्स' फोल्डर पूर्वी डिलीट केलं असेल तर नुसतं नवीन बनवून चालेलच असं नाही. होममधल्या लपलेल्या 'डॉट कॉन्फिग' (.config) फोल्डरात 'user-dirs.dirs' नावाची फाइल असते. तिच्यात टेम्प्लेट्सचा पत्ता थेट होमचा झाला असेल तर तो नव्या 'टेम्प्लेट्स' फोल्डरचा करून पुन्हा लॉगिन करा.

'फाइल्स'ऐवजी केडीई डेस्कटॉपचं डॉल्फिन किंवा एक्सएफसीई डेस्कटॉपचं थुनार हे फाइल मॅनेजर वापरत असाल तर यातलं काहीच लागत नाही, तिथे रिकामी फाइल थेट मेनूत आहे.