मिसळीची तर्री आणि धावायचा टी-शर्ट

प्रश्न : ताई, रविवारी शिवाजी पार्कात धावून झालं की आमची चौकडी मिसळ खाते. परवा राखाडी पॉलिस्टरच्या टी-शर्टवर तर्री सांडली. तिथेच हात धुवायचा साबण चोळला, तर पिवळा डाग लाल झाला! टी-शर्ट गेला का?
– एक वाचक, दादर

उत्तर : नाही हो! साबणातला क्षार लागला की हळद लाल होते. कुंकू तसंच तर करतात. साबण नीट खळबळून काढा, पुन्हा पिवळं दिसेल.

खरा चिवट ऐवज म्हणजे तेल. पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही, पण तेलाला मात्र चिकटून बसतं. भांड्यांचा लिक्विड साबण थेंबभर घ्या, डागावर आतून-बाहेरून बोटांनी चोळा, 15 मिनिटं ठेवा आणि कोमट पाण्याने धुवा. ब्रश नको, धागे निघतात. तेलकटपणा उरला तर पुन्हा तेच.

मग टी-शर्ट ओलाच उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. जुलैत आमच्या लालबागच्या गॅलरीत ऊन कुठलं, म्हणून मी ऊन दिसलं की पहिली गच्चीवर पळते. डाग गेला की लगेच सावलीत घ्या, नाहीतर कापडाचाही रंग उडेल.

डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री नको. लेकाच्या कबड्डीच्या जर्सीवर मी घाईने फिरवली होती, ती आता घरात पुसायला आहे. ब्लीचने लायक्रा, म्हणजे कापडातला ताणला जाणारा धागा, सैल पडतो. फॅब्रिक कंडिशनरही टाळा, त्याने घाम टिपला जात नाही.