प्राधान्यक्रम नेमका कुठे चुकतो?
सरकारी खर्च असो वा प्रॉडक्ट, आधी काय हाती घ्यायचं हे ठरवताना चूक कुठे होते, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते, काय थांबवायचं हे कुणी ठरवतच नाही. ब्रिटन आणि फ्रान्सने १९६२ मध्ये कॉन्कॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान बनवण्याचा करार केला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, तरी काम रेटलंच. विमानं बनली अवघी २०, त्यातली प्रवासी सेवेत १४. प्रॉडक्टमध्येही तेच! सहा महिने खपून केलेलं फीचर कुणी वापरत नसलं, तरी काढून टाकवत नाही. मी चालू कामांच्या यादीत प्रत्येकापुढे लिहितो: हे आधी सुरू झालेलं नसतं, तर आज सुरू केलं असतं का? ‘नाही’ आलं की त्या कामाची माणसं आणि पैसा आधी देखभालीकडे वळवायचा. तीच कायम मागे पडते.