वाचकांचे प्रश्न : भेट आलेली पाइपची तंबाखू

प्रश्न : भाच्याने इंग्लंडहून व्हर्जिनिया फ्लेकची ५० ग्रॅमची डबी आणली. आत मोकळी तंबाखू नाही, पातळ पट्ट्या आहेत आणि त्या हाताला ओलसर लागतात. घरात सासऱ्यांचा जुना, ब्रायर लाकडाचा पाइप आहे. त्यात पट्टी कोंबली की पेटतच नाही. पेटलीच तर जीभ चुरचुरते. तंबाखू खराब आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तंबाखू चांगली आहे, फक्त ओली आहे. व्हर्जिनिया ही तंबाखूची एक जात, आणि फ्लेक म्हणजे पानं दाबून केलेल्या वडीचे काप. कोरडे केले तर काप तुटतात, म्हणून ते ओलसरच भरतात. ओढण्याआधी सुकवणं हे आपलं काम.

दोन पट्ट्या घ्या आणि तळहातांत चोळून धागे मोकळे करा. साध्या कागदावर पसरून पंख्याच्या वाऱ्यापासून लांब ठेवा. पुण्याच्या एप्रिलमध्ये वीस मिनिटं पुरतात, पावसाळ्यात दोन तासांतही फारसा फरक पडत नाही. तेव्हा एसीच्या खोलीत ठेवा. उन्हात नको, वास उडतो. चिमूट दाबून सोडा : गोळा तसाच राहिला तर ओली, कुरकुरून चुरा झाला तर जास्त सुकली, हळूहळू उलगडली तर झाली.

मध्यम पाइपच्या बाऊलमध्ये, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीत, दोन ते तीन ग्रॅम मावते. तळाशी सैल सोडा, मधे हलकं दाबा, वर थोडं घट्ट करा. न पेटवता ओढून पाहा. स्ट्रॉने सरबत ओढताना लागतो तेवढाच जोर लागायला हवा. जास्त लागला तर सगळं काढून पुन्हा भरा. वरून टोचून काम भागत नाही. काडीचं गंधक जळून गेल्यावरच ज्योत जवळ न्या आणि पूर्ण पृष्ठभागावर गोल फिरवा. तंबाखू फुगून वर येईल. टँपरने (तंबाखू दाबायच्या चपट्या दांडीने) हलकेच बसवा आणि दुसऱ्यांदा पेटवा. खरं पेटवणं हेच. मधे दोन-तीनदा विझली तर त्यात काही बिघडत नाही.

जीभ चुरचुरते ती ओलीमुळे आणि घाईमुळे. ओली तंबाखू जळत ठेवायला भराभर झुरके घ्यावे लागतात, गरम वाफ जिभेवर येते, आणि व्हर्जिनियात साखर जास्त असल्याने ती अधिकच झोंबते. बाऊल इतका तापला की गालाला लावता येत नसेल, तर पाइप खाली ठेवा. गुडगुड आवाज आला तर नळीतून पाइप-क्लीनर घाला. गरम असताना मात्र तोंडाचा भाग उपसू नका. जोड सैल होतो किंवा आतच तुटतो.

सासऱ्यांच्या पाइपची आतली काजळीही पाहा. एक-दीड मिलिमीटरचा थर लाकडाला वाचवतो; त्याहून जाड झाला तर तापून फुगतो आणि बाऊल तडकतो. जादा थर रीमरने, म्हणजे पाइप खरवडायच्या हत्याराने, काढा, टोकदार चाकूने नको. पाइप पाण्यात भिजवू नका आणि एकदा ओढल्यावर निदान एक दिवस तरी सुकू द्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी भेट मिळालेलं पाऊच आता उघडलं. तंबाखू कडक झाली आहे, काही धाग्यांवर पांढरं दिसतं आणि जळक्या लाकडासारखा वास येतो. फेकून द्यावी का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : वासावरून घाबरू नका. पाऊचवर लटाकिया लिहिलंय का बघा. हे पान लाकडाच्या धुरावर सुकवतात, त्यामुळे तो वास तिचा स्वतःचाच असतो. ही तंबाखू ज्या पाइपात ओढाल त्यात तिचा वास बसतो, म्हणून तिच्यासाठी वेगळा पाइप ठेवावा.

पांढऱ्याचा निकाल भिंगाने लावा. चकाकणारे कण पानाच्या पृष्ठभागावर बसलेले असतील आणि कुबट वास नसेल तर ते स्फटिक आहेत, त्यांनी काही बिघडत नाही. कापसासारखे तंतू दोन धाग्यांमध्ये पसरले असतील आणि बंद गोणीसारखा वास येत असेल तर ती बुरशी. मग वरचा भाग निवडून बाकीची वाचवण्याचा मोह नको, सगळी टाका.

बुरशी नसेल तर ओल परत आणता येते. तंबाखू रुंद वाडग्यात पसरा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं वाडग्याच्या तोंडावर ताणून बांधा. फडकं तंबाखूला लागता कामा नये. दर तासाला हलवा. तीन-चार तासांत ती मऊ होते. थेट पाणी शिंपडलं तर काही धागे भिजतात, काही कोरडेच राहतात. सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड टाकायचा जुना सल्ला सोडा, बुरशी बहुधा तिथूनच येते.

पुढे रबरी रिंगेच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि बरणी अंधारात ठेवा, फ्रिजमध्ये नको. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी हिंगाचा वास सोडत नाही.

प्रश्न : आम्ही कुणीच ओढत नाही. एका पाहुण्याने बंद डबी दिली आहे, तिचं झाकण थोडं फुगलेलं आहे. जपावी की कुणाला द्यावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ओढणाऱ्या माणसाला द्या. भेट आली म्हणून सुरुवात करण्यात अर्थ नाही. धूर छातीत न घेताही तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. फुगवटा आतल्या आंबण्याच्या वायूमुळे येऊ शकतो. व्हर्जिनियाच्या जुन्या डब्यांत हे दिसतं. गंज मात्र नीट शोधा. बारीक छिद्र पडलं असेल तर आत कोरडा चुरा मिळेल. बंद आणि निर्दोष डबीतली व्हर्जिनिया बरीच वर्षं चांगली मुरते. व्हॅनिला किंवा चेरीचा वास लावलेली मात्र लवकर संपवावी, तिचा वास विरत जातो.

तोवर डबी कपाटात कुलुपात ठेवा. गोड वासाने लहान मूल चव घेऊन पाहतं, आणि निकोटिन पोटात गेलं की विषबाधा होते. गिळल्याचं कळलं तर उलटीची वाट न पाहता डबीसह रुग्णालय गाठा.

प्रश्न : मुलगा दुबईहून येताना ५० ग्रॅमच्या तीन डब्या आणणार आहे. कस्टममध्ये अडचण येईल का? आणि माझे काका चुन्याबरोबर तंबाखू खातात, त्यांना यातली चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बॅगेज नियमांत शुल्काशिवाय १०० सिगारेटी किंवा २५ सिगार किंवा १२५ ग्रॅम तंबाखू आणता येते. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा : सिगारेटीही आणल्या तर हिशेब बदलतो. तीन डब्या म्हणजे १५० ग्रॅम, तेव्हा दोनच आणायला सांगा. तिसरी आणायचीच असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करावी.

काकांना देऊ नका. या तंबाखूवर साखरेचे पाक, सुगंध आणि ओल टिकवणारी द्रव्यं चढवलेली असतात, आणि ती जाळण्यासाठी बनवलेली असते. शिवाय मळून, चुना लावूनही तिला खायच्या तंबाखूचा कडकपणा येत नाही. काका पहिल्याच चिमटीला थुंकतील.